अमेरिकन नेत्याचं पर्यायी करिअर कसं रचायचं: आधी रिकामी खुर्ची शोधा

ऑल्टरनेट हिस्ट्रीमध्ये, म्हणजे इतिहास वेगळा घडला असं धरून लिहिलेल्या कथांमध्ये, एखाद्या अमेरिकन नेत्याचं वेगळं करिअर लिहायचं म्हटलं की बहुतेक जण शेवटाकडून सुरुवात करतात, म्हणजे अमुक माणूस राष्ट्राध्यक्ष झाला हे आधी ठरवायचं आणि मग त्याला ढकलत ढकलत तिथपर्यंत न्यायचं. वाचणाऱ्याला हे लगेच कळतं, कारण वाटेत त्याला कुणी हरवत नाही, पाहिजे त्या वेळी पाहिजे त्याचा राजीनामा येतो आणि समोरचे सगळे गपगुमान बाजूला होतात. माझं म्हणणं एवढंच की माणूस नंतर, खुर्ची आधी. अमेरिकेत प्रत्येक पदाला मुदत आहे, निवडणुकीचं वर्ष ठरलेलं आहे आणि त्या जागेवर आधीच कुणीतरी बसलेलं आहे. ती जागा कधी आणि का रिकामी होते हे शोधलंत की अर्धी कथा तिथेच मिळते.

पण त्याच्याही आधी फाटा पाहिजे, म्हणजे खरा इतिहास जिथून सोडायचा ती जागा. तो शक्य तितका छोटा ठेवा आणि स्वतः तयार करण्यापेक्षा चरित्रातून उचला, कारण या लोकांच्या आयुष्यात असे फाटे भरपूर सापडतात. निक्सनने लॉ स्कूल संपवून 1937 मध्ये एफबीआयमध्ये अर्ज केला होता, नोकरी मिळाली नाही. जेराल्ड फोर्ड मिशिगन युनिव्हर्सिटीचा फुटबॉलपटू, त्याला डेट्रॉइट लायन्स आणि ग्रीन बे पॅकर्स या दोन्ही टीमनी बोलावलं होतं, तो येलला कोचिंग करायला गेला आणि तिथेच कायदा शिकला. रेगन आयोवातल्या रेडिओवर खेळांचं समालोचन करायचा, 1937 मध्ये बेसबॉल टीमच्या सरावासाठी कॅलिफोर्नियाला गेला आणि तिथे वॉर्नर ब्रदर्सची स्क्रीन टेस्ट देऊन आला. ट्रुमनचं कॅन्सस सिटीत कपड्यांचं दुकान होतं, 1919 ला उघडलं आणि 1922 ला बुडालं, आणि त्याच वर्षी तो तिथलं राजकारण चालवणाऱ्या पेंडरगास्ट मंडळींच्या पाठबळावर काउंटीच्या निवडणुकीला उभा राहिला. ते दुकान चाललं असं धरा, बाकी काहीही बदलू नका, आणि 1945 च्या एप्रिलमध्ये रूझवेल्ट वारल्यावर शपथ कोण घेतो ते बघा. कुणाच्या डोक्यात एकदम नवे विचार घालण्यापेक्षा एखादं दुकान चालवणं कितीतरी सोपं आणि पटणारं आहे. स्वभाव तोच ठेवायचा, फक्त दार वेगळं उघडायचं.

आता एक उदाहरण नीट उलगडून बघू, माझं सगळ्यात आवडतं. 1849 मध्ये लिंकन चाळीस वर्षांचा होता, काँग्रेसमधली एकुलती एक टर्म संपलेली, मेक्सिको युद्धाला विरोध केल्यामुळे गावाकडे नाराजी, आणि निवडणुकीत ज्याचा प्रचार केला तो झॅकरी टेलर राष्ट्राध्यक्ष झालेला. लिंकनला जनरल लँड ऑफिस या सरकारी जमिनींच्या खात्याचं कमिशनरपद हवं होतं, ते शिकागोच्या जस्टिन बटरफिल्डला गेलं. त्याची भरपाई म्हणून सरकारने लिंकनला ऑरेगन टेरिटरीचं (म्हणजे अजून राज्य न झालेल्या प्रदेशाचं) सेक्रेटरीपद देऊ केलं, त्याने नाही म्हटलं, मग गव्हर्नरपद देऊ केलं, त्यालाही नाही म्हटलं. बायको मेरी इतक्या लांब जायला तयार नव्हती. आपला फाटा इथे: तो हो म्हणतो.

इथे घाई केली की लोक त्याला लगेच ऑरेगनमार्गे व्हाइट हाउसला नेऊन बसवतात. थांबा, आधी खुर्ची बघा. टेरिटरीचा गव्हर्नर निवडून येत नाही, राष्ट्राध्यक्ष नेमतो, म्हणजे राष्ट्राध्यक्षाचा पक्ष बदलला की हा घरी. लिंकन व्हिग, म्हणजे रिपब्लिकनांच्या आधीच्या डेमोक्रॅटविरोधी पक्षाचा, ऑरेगनची विधानसभा डेमोक्रॅट्सच्या हातात, आणि सगळ्या टेरिटरीत गोरी वस्ती बारा-तेरा हजार. खऱ्या इतिहासात ही जागा जॉन गेन्स नावाच्या व्हिगने घेतली आणि राजधानी ऑरेगन सिटीत राहणार की सेलमला जाणार यावरून त्याचं विधानसभेशी कायम वाजलं. 1853 मध्ये डेमोक्रॅट पिअर्स आला आणि गेन्स गेला. लिंकन गेन्सपेक्षा माणसं सांभाळण्यात हुशार होता हे मान्य, पण पिअर्स त्यालाही ठेवणार नाही. म्हणजे 1853 मध्ये तो चव्वेचाळीस वर्षांचा माजी गव्हर्नर, हातात वकिली, आणि आजूबाजूला 1850 च्या जमीनवाटप कायद्यामुळे हद्दी आणि मालकीचे वादच वाद. धंदा उत्तम चालेल. राजकारण मात्र ठप्प, कारण ऑरेगनला राज्याचा दर्जा मिळाला 14 फेब्रुवारी 1859 ला, तोपर्यंत वॉशिंग्टनला जाणारा एकच प्रतिनिधी आणि त्यालाही मतदानाचा हक्क नाही.

मग पुढे दार कुठे आहे? ते खऱ्या इतिहासानेच दाखवलंय. लिंकनचा जवळचा मित्र एडवर्ड बेकर, ज्याच्या नावावरून लिंकनने दुसऱ्या मुलाचं नाव ठेवलं, तो इलिनॉय सोडून कॅलिफोर्नियाला गेला, तिथून 1860 मध्ये ऑरेगनला आला आणि त्याच वर्षी ऑरेगनचा सिनेटर झाला. तेव्हा सिनेटर विधानसभा निवडायची, आणि डेमोक्रॅट्समध्ये फूट पडल्यामुळे इलिनॉयचा सिनेटर स्टीफन डग्लस याच्या गटाने रिपब्लिकनांशी हातमिळवणी केली. म्हणजे 1860 मध्ये ऑरेगनमध्ये रिपब्लिकन सिनेटरसाठी जागा होती, हे कुणी बाहेरून आणून चिकटवलेलं नाही. दहा वर्षं तिथे राहिलेला, सगळ्यांना ओळखणारा वकील लिंकन ती जागा घेतो हे पटतं. आणि एक अवघड गोष्टही टाळू नका: 1857 मध्ये ऑरेगनच्या मतदारांनी गुलामगिरी नाकारली आणि त्याच मतदानात मुक्त कृष्णवर्णीयांना राज्यात यायलाच बंदी घातली. अशा मतदारांसमोर लिंकन काय बोलतो, कुठे गप्प बसतो, यावरच तुमचं करिअर खरं वाटणार की खोटं ते ठरतं.

दुसरं टोक इलिनॉयचं. माणूस एका ठिकाणाहून उचलला की तिथे खड्डा पडतो, आणि निम्म्या टाइमलाइन, म्हणजे असे पर्यायी इतिहास, या खड्ड्याकडे बघतच नाहीत. 1858 मध्ये सिनेटसाठी डग्लससमोर दुसराच कुणीतरी उभा राहतो, त्या दोघांच्या प्रसिद्ध सात वादसभा होत नाहीत, 1860 मध्ये राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवणाऱ्या रिपब्लिकनांच्या शिकागो अधिवेशनात लिंकन नाही म्हणजे स्यूअर्ड, चेस, बेट्स आणि कॅमेरॉन एवढेच उरतात. स्यूअर्ड पहिल्या फेरीत खऱ्या इतिहासातही पुढेच होता. त्यात आणखी एक मस्त धागा आहे, न्यूयॉर्कचा संपादक होरेस ग्रीली हा स्यूअर्डचा विरोधक, त्याला स्वतःच्या राज्यातून जागा मिळाली नाही म्हणून तो त्या अधिवेशनात चक्क ऑरेगनचा प्रतिनिधी म्हणून बसला होता! आता ऑरेगनच्या पक्षात लिंकनचा शब्द चालतो असं धरलंत तर ग्रीलीला ती जागा द्यायची की नाही हे कदाचित लिंकनच ठरवतो. अशी एखादी गाठ सापडली की कथा आपोआप धावते.

नियमांचं म्हणाल तर थोडेच आहेत पण पाठ पाहिजेत. हाउससाठी (काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहासाठी) वय 25, सिनेटसाठी 30, राष्ट्राध्यक्षपदासाठी 35. बायडन नोव्हेंबर 1972 मध्ये सिनेटवर निवडून आला तेव्हा 29 चा होता, शपथेआधी तीस पूर्ण झाले म्हणून चाललं. सिनेटर थेट लोकांनी निवडायला सुरुवात झाली 1913 च्या सतराव्या घटनादुरुस्तीनंतर, त्याआधीच्या कथेत सिनेटसाठी प्रचारसभांपेक्षा विधानसभेतली जुळवाजुळव दाखवा. राष्ट्राध्यक्षपदाला दोनदाच निवडून येण्याची मर्यादा 1951 पासून. एका राज्याचे इलेक्टर, म्हणजे राष्ट्राध्यक्ष निवडणारे प्रतिनिधी, आपल्याच राज्यातल्या दोघांना दोन्ही पदांसाठी मत देऊ शकत नाहीत, म्हणून तर 2000 मध्ये टेक्सासच्या बुशबरोबर उपराष्ट्राध्यक्षपदाला उभ्या असलेल्या चेनीने आपली टेक्सासची मतदार नोंदणी बदलून वायोमिंगला नेली. उपराष्ट्राध्यक्षपद मध्येच रिकामं झालं तर 1967 च्या आधी ते भरायची सोयच नव्हती, पुढच्या निवडणुकीपर्यंत तसंच रिकामं राहायचं, आणि हे विसरून लोक 1945 मध्ये राष्ट्राध्यक्ष झालेल्या ट्रुमनसाठी नवा उपराष्ट्राध्यक्ष नेमून देतात.

आता हरणाऱ्याचं करिअर, कारण जिंकणाऱ्याचं सगळेच लिहितात आणि मला स्वतःला हरलेला माणूस जास्त खेचतो. लिंडन जॉन्सन 1948 मध्ये टेक्सासच्या सिनेट जागेसाठी डेमोक्रॅटिक प्रायमरीच्या (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीच्या) दुसऱ्या फेरीत कोक स्टीव्हन्सनविरुद्ध फक्त 87 मतांनी जिंकला, एकूण मतं पडली होती 9 लाख 88 हजारांच्या आसपास. जिम वेल्स काउंटीतल्या 13 नंबरच्या पेटीतून उशिराने जी मतं निघाली त्यावरून केवढा गदारोळ झाला, पक्षाच्या समितीत निकाल 29 विरुद्ध 28 असा टिकला आणि प्रकरण कोर्टात गेलं. समितीतला एक माणूस फिरवा, बास. टेक्सासमध्ये तेव्हा डेमोक्रॅटिक प्रायमरी जिंकली की जिंकलंच, त्यामुळे सिनेट गेली. आणि त्या वर्षी जॉन्सनने हाउसची जागा सोडलेली, म्हणजे जानेवारी 1949 मध्ये तो चाळिशीत बेकार.

मग काय करतो? ऑस्टिनला बायकोच्या नावावर 1943 पासून रेडिओ स्टेशन आहे, टीव्ही येऊ घातलाय, पैसा येणार. पण हा माणूस पैशावर शांत बसणारा नाही, त्यामुळे रिकाम्या खुर्च्यांची यादी काढा: गव्हर्नरपदावर 1949 पासून ॲलन शिव्हर्स घट्ट बसलेला, 1952 मध्ये सिनेटर टॉम कॉनली निवृत्त होतोय, 1954 ला स्टीव्हन्सनचीच टर्म संपतेय. 1952 ला खऱ्या इतिहासात प्राइस डॅनियल आला, तो तगडा आणि किनाऱ्यालगतच्या समुद्रातल्या तेलावर राज्याचा हक्क या मुद्द्यावर लोकप्रिय, त्यामुळे मी जॉन्सनला 1952 ला थांबवून 1954 ला उभा करेन. जिंकला असं धरलं तरी तो सिनेटमध्ये 1955 ला पोचतो. खरा जॉन्सन जानेवारी 1953 मध्ये सिनेटमधल्या पक्षाचा नेता झाला तो का, तर आधीचा नेता मॅकफार्लंड 1952 मध्ये ॲरिझोनात गोल्डवॉटरकडून हरला आणि जागा मोकळी झाली. ती वेळ चुकली. मग 1957 चा नागरी हक्क कायदा कोण ओढून नेतो, 1960 मध्ये केनेडी टेक्सासमधून कुणाला उपराष्ट्राध्यक्षपदासाठी बरोबर घेतो, किंवा टेक्सासमधून घेतोच का, हे सगळे प्रश्न एका समितीतल्या एका मतातून निघाले. जुलै 1955 मधला त्याचा हार्ट अटॅक मात्र पुसू नका. तारीख पुढेमागे करा हवं तर, पण तसा आहार, सततची सिगारेट आणि तसा स्वभाव असलेल्या माणसाला तुमच्या सोयीसाठी नव्वदीपर्यंत जगवू नका.

कुठलं राज्य कुठल्या पक्षाचं याचा आजचा नकाशा मागे लावू नका हेही जाता जाता सांगतो. व्हरमाँट 1856 ते 1988 या काळात राष्ट्राध्यक्षपदासाठी फक्त एकदा, 1964 ला, डेमोक्रॅट्सकडे गेलं. कॅलिफोर्निया 1952 पासून 1988 पर्यंत त्या एका वर्षाचा अपवाद सोडला तर रिपब्लिकनच. रॉकफेलर आणि जॅव्हिट्ससारखे उदारमतवादी रिपब्लिकन न्यूयॉर्कमध्ये निवडून येत होते. तुमचा नेता ज्या वर्षी ज्या राज्यात उभा आहे तिथे त्या वर्षी खरी मतं कशी पडली ते बघून त्यात चार-पाच टक्क्यांचा फरक करा, तीस टक्क्यांचा नको.

गोळी आणि अपघात जपून वापरा. फेब्रुवारी 1933 मध्ये मायामीत झांगारा नावाच्या माणसाने निवडून आलेल्या पण अजून शपथ न घेतलेल्या रूझवेल्टवर गोळ्या झाडल्या, त्या शिकागोच्या महापौर सर्माकला लागल्या आणि तो मार्चमध्ये गेला. रूझवेल्ट मेला असं लिहिलंत तर विसावी घटनादुरुस्ती तीनच आठवड्यांपूर्वी मंजूर झालेली असल्यामुळे उपराष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आलेला गार्नर सरळ राष्ट्राध्यक्ष होतो. फाटा म्हणून हे ठीक आहे, पण एका करिअरमध्ये एकदाच. अडचण आली की कुणाला तरी मारायचं ही सवय लागली की लेखन संपलं, आणि हयात नेत्यांच्या बाबतीत तर मी ते अजिबात करत नाही, तिथे निवडणुकीतला पराभव पुरतो.

लिहिताना 'असं झालं असतं, तसं झालं असतं' करत बसू नका, सरळ भूतकाळात लिहा: लिंकन 1850 च्या उन्हाळ्यात ऑरेगन सिटीला उतरला. प्रत्येक पदासमोर तीन गोष्टी नोंदवा, कधीपासून कधीपर्यंत, आधी कोण होतं, नंतर कोण आलं. आणि या आधी-नंतरच्या लोकांचंही पुढे काय झालं ते एका ओळीत लिहून ठेवा, म्हणजे ऑरेगनला न गेलेला गेन्स केंटकीत काय करतोय, सिनेटर झालेला स्टीव्हन्सन आयझेनहॉवरशी कसं जमवून घेतोय. नव्याने सुरुवात करत असाल तर राष्ट्राध्यक्षपदाच्या वाटेला जाऊच नका, एखाद्या मध्यम राज्याच्या सिनेटरांची यादी उघडा, कोण थोडक्यात हरलं ते बघा आणि त्या एका जागेची पंधरा-वीस वर्षं लिहून काढा.