दिव्यांगांचं केंद्र बंद होतंय म्हणतात? कुलूप लागायच्या आधी हे करा

माझ्या धाकट्या दिराला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूला इजा झाल्यानं शरीराच्या हालचालींवर ताबा राहत नाही. भरवावं लागतं, कूस बदलून द्यावी लागते, उचलायला दोघं लागतात. तालुक्याला दिव्यांगांना दिवसभर सांभाळणारं केंद्र होतं, अडीनडीला चार रात्री ठेवूनही घ्यायचे. सोयाबीनची सोंगणी अन् कापसाची वेचणी आम्ही केंद्राच्याच भरवशावर काढायचो. मग निधी नाही, केंद्र बंद होणार असं कानावर आलं. तुमच्याकडं अशी बातमी आली असेल तर हे वाचा.

ऐकीव गोष्टीवर गप्प बसू नका. केंद्र चालवणाऱ्यांना अन् पैसा देणाऱ्या कार्यालयाला अर्ज द्या: निर्णय झाला का, कोणत्या ठरावानं, आमच्या माणसाची पुढची सोय काय? दोन प्रती न्या. एकीवर शिक्का अन् आवक क्रमांक घेऊनच घरी या. टेबलावरचे साहेब ‘ठेवून जा’ म्हणाले तरी हलू नका, कारण पोच नसलेला अर्ज दिलाच नाही असं समजतात.

निधी नाही म्हणतात, तर निधीचाच हिशेब मागा. ग्रामपंचायतीपासून जिल्हा परिषदेपर्यंत सगळ्यांनी स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी राखायचे असतात. मागच्या तीन वर्षांत किती राखले, किती अन् कशावर खर्च झाले, हे माहिती अधिकारात विचारा. 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा. दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असेल तर तेही लागत नाही. एका अर्जात एकच विषय, तोही 150 शब्दांत. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील करा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. घरात हे काम कोण करतं ते लिहून काढा. आपल्या बायांना हेच जमत नाही, आपल्याच माणसाचं काय लिहायचं असं वाटतं. पण अधिकाऱ्याला तुमची रात्र दिसत नाही. आठवडाभर वहीत टिपा: रात्री किती वेळा उठलात, एका जेवणाला किती वेळ गेला, झटका (फिट) कधी आला, कोणाची मजुरी बुडाली, सासूबाईंची कंबर कधी धरली. बाईनं आजारी पडायचंच नाही, असं गृहीत धरून घर चाललेलं असतं; तेही लिहा. ही वही, युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) अन् डॉक्टरांचे कागद एका पिशवीत ठेवा.

वही घेऊन ग्रामसभेत जा. विषय आधीच ग्रामसेवकाकडं (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी) लेखी द्या, ऐनवेळी उठून बोलू नका. केंद्र चालू ठेवावं असा ठराव मागा अन् त्याची नक्कल घ्या. एकट्यानं जाण्यापेक्षा चार घरच्या आया सोबत असल्या तर सरपंचाला ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणणं जड जातं.

इथं हललं नाही तर महिन्याच्या पहिल्या सोमवारी कलेक्टर ऑफिसात लोकशाही दिन असतो. त्याचा अर्ज आधी द्यावा लागतो. सोबत पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडं स्पीड पोस्टानं तक्रार पाठवा. त्यात 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 5 लिहा. समाजात राहण्यासाठी लागणारा आधार मिळावा असं त्यात आहे. आयुक्तांनी शिफारस केली तर काय कारवाई केली ते संबंधित कार्यालयाला तीन महिन्यांत कळवावं लागतं.

हे होईस्तोवर सोंगणी थांबत नाही. अशी दोन-तीन घरं मिळून पाळी लावा: आज तुमच्याकडं, उद्या आमच्याकडं. ज्याच्याकडं माणूस सोडाल त्याला कागद लिहून द्या. गोळ्या कोणत्या, किती वाजता. बसवूनच भरवा, आडवं पाडून पाणी पाजू नका. झटका आला तर कुशीवर वळवा, तोंडात चमचा घालू नका, पाच मिनिटांत थांबला नाही तर 108 ला फोन करा. त्याला काय आवडतं तेही खाली लिहा, अन् कागदाची एक प्रत आशाताईकडं देऊन ठेवा.