नाताळच्या पार्टीसाठी सजवलेल्या ओनिगिरी कशा कराव्यात

जपानमध्ये २५ डिसेंबरला सार्वजनिक सुट्टी नसते, त्यामुळे नाताळ बहुतेक घरांत २४ च्या संध्याकाळीच उरकतो. तळलेलं चिकन, स्ट्रॉबेरी-क्रीमचा केक, आणि घरात लहान मुलं असतील तर ताटात छोट्या ओनिगिरीही मांडल्या जातात. त्यातली कुणी सांता असते, कुणी हिममानव, म्हणजे बर्फाचा बाहुला. ओनिगिरी म्हणजे हाताने वळलेली भाताची मूद. आत थोडं सारण, बाहेर नोरी, म्हणजे समुद्री शेवाळाचा कागदासारखा पातळ पापुद्रा. मुलांच्या डब्यात भाताचे असे चेहरे करण्याची तिथे मोठी हौस आहे, त्या डब्यांना क्याराबेन म्हणतात.

पहिल्यांदा करणारे सगळा जीव डोळे आणि टोप्या कापण्यात ओततात. माझं ऐकाल तर तो जीव भातावर लावा. भात जमला की चेहरा पाच मिनिटांत होतो. भात बिघडला तर कितीही सुंदर सांता ताटापर्यंत पोचायच्या आत फुटतो.

तांदूळ आखूड दाण्याचा, जपानी जातीचा हवा. कोशिहिकारी मिळाला तर फारच छान. बासमती अजिबात नको. त्यात अमायलोज हा स्टार्चचा प्रकार जास्त असतो, म्हणून दाणे सुटे राहतात आणि मूद धरत नाही. महाराष्ट्रात असाल तर इंद्रायणी घ्या. त्याला स्वतःचा वास असतो, चव थोडी वेगळी लागते, पण वळायला तो उत्तम. आणि सुशीच्या भातासारखं यात व्हिनेगर-साखर घालू नका. ओनिगिरीच्या भाताला मीठ पुरतं.

साधारण १४ छोट्या ओनिगिरींसाठी ३०० ग्रॅम तांदूळ लागतो.

१. तांदूळ तीन-चार पाण्यांतून हलक्या हाताने धुवा, अर्धा तास भिजवा, चाळणीत निथळा.

२. जाड बुडाच्या पातेल्यात ४०० मिलिलिटर पाण्यात घालून झाकण ठेवा. मध्यम आचेवर उकळी आली की आच अगदी मंद करून १० ते १२ मिनिटं शिजवा. गॅस बंद केल्यावर आणखी १० मिनिटं वाफ मुरू द्या. तोवर झाकण उघडायचं नाही. इंद्रायणीला पाणी तांदळाच्या दीडपटीच्या आतच ठेवा. गिचका भात वळता येतो, पण तासाभरात बसतो आणि चेहरा पसरतो.

३. ओल्या लाकडी उलथन्याने भात खालून वर मोकळा करा, अर्धा चमचा मीठ शिंपडून मिसळा.

४. रंगीत भात हवा तेवढा याच वेळी वेगळा काढा. झाडासाठी उकळत्या पाण्यातून काढून घट्ट पिळलेला, बारीक चिरलेला पालक. रेनडिअरसाठी थोडा सोया सॉस आणि भाजलेले तीळ. सांताच्या टोपीसाठी केचप घालून तव्यावर मिनिटभर परतलेला भात. परतल्याशिवाय केचपचं पाणी भातात उतरतं आणि टोपी घसरते. जपानी दुकानांतली साकुरा देन्बू ही गुलाबी, गोडसर भुकटी दिसायला मोहक असते, पण ती माशाची असते. पाहुण्यांत शाकाहारी असतील तर हे आठवणीत ठेवा.

५. वळायचं ते भात गरम असतानाच, हाताला सोसेल इतक्या उष्णतेला. प्लास्टिक रॅपच्या तुकड्यावर ५० ग्रॅम भात पसरा, मधे चमचाभर सारण ठेवा, कडा गोळा करून पिळा. सारण कोरडं असावं: मेयोनीज घातलेला, पाणी नीट पिळून काढलेला डब्यातला ट्यूना, भाजलेला खारवलेला सामन मासा, किंवा उमेबोशी, म्हणजे खारवून सुकवलेलं आंबट उमेचं फळ. रॅपचा खरा फायदा स्वच्छतेचा आहे. उघड्या हातांवरचे जंतू पार्टीच्या टेबलावर तासन् तास राहणाऱ्या भातात वाढतात.

६. दाब किती द्यायचा? लाडू वळताना देतो त्याहून पुष्कळ कमी. बाहेरचे दाणे एकमेकांना धरून राहिले आणि आतले सुटे राहिले, की झालं. झाड आणि सांता यांना त्रिकोण हवा: एक तळवा सपाट, दुसऱ्याची बोटं छपरासारखी वाकवलेली, आणि मूद तीन-चार वेळा फिरवत हलकेच दाबायची.

आता चेहरे. मूद गरम असताना नोरी लावली तर वाफेने ती आक्रसते आणि डोळे तिरपे होतात. म्हणून वाफ पूर्ण निघू द्या, तोवर मुदी रॅपमध्येच राहू देत. नोरी कोरड्या हातांनी, छोट्या टोकदार कात्रीने कापा आणि चिमट्याने उचलून ठेवा. गालांसाठी उकडलेल्या गाजराच्या पातळ कापातून सरबताच्या नळीने गोल पाडा.

हिममानव सगळ्यांत सोपा आहे. जपानी हिममानवाला दोनच गोळे असतात, त्यामुळे एक मोठी आणि एक छोटी गोल मूद पुरते. दोन्ही जोडायला कच्च्या स्पगेटीचा दोन सेंटिमीटरचा तुकडा मोठीत अर्धा खोचा आणि वरून छोटी बसवा. भाताच्या ओलाव्याने स्पगेटी हळूहळू मऊ होते. तरीही टूथपिकची भीती नको म्हणून मुलांच्या ताटात हेच बरं. मान वळवायला नोरीची पट्टी, तिचं टोक खाली लोंबतं ठेवलं की मफलर झाला.

सांताची टोपी त्रिकोणाच्या वरच्या तिसऱ्या भागावर केचप-भाताची बसवा. दाढी पांढऱ्या भाताचीच असते, वेगळी करावी लागत नाही. रेनडिअरच्या नाकाला चेरी टोमॅटोचा अर्धा, शिंगांना नोरीच्या फांद्या. झाडावर गाजराची चांदणी आणि मक्याचे चार दाणे, त्याहून जास्त नको. चेहऱ्यावर जितकं कमी, तितका तो गोड दिसतो.

वाट पाहताना मुदी फ्रिजमध्ये ठेवू नका, थंडीने भात कडक आणि रवाळ होतो. रॅपमध्ये, थंड खोलीत राहू द्या, पार्टीच्या आधी अर्धा तास सजवा आणि बाहेर काढल्यावर दोन तासांत संपवा. मुंबईसारख्या उकाड्यात मेयोनीजचं सारण टाळलेलंच बरं.

पाहुणे निघेपर्यंत उरल्या आणि लगेच फ्रिजमध्ये गेल्या, तर दुसऱ्या दिवशी नोरी आणि सजावट काढून मूद थोडी चपटी करा. तव्यावर मध्यम आचेवर दोन्ही बाजू भाजा, मग ब्रशने सोया सॉस लावून कडा खरपूस होईपर्यंत पुन्हा भाजा.