खडपांवर जाताय? आधी चष्म्याची दोरी

गाइडबरोबर कोस्टीअरिंगला जाताना, म्हणजे समुद्रकाठच्या कातळावर चढत-उतरत, कपारीतून सरकत आणि मध्येच पाण्यात उड्या टाकत जाताना, वेटसूट (गार पाण्यात ऊब देणारा, अंगाला घट्ट बसणारा पोशाख), हेल्मेट आणि लाइफ जॅकेट बहुधा तिथेच मिळतं. आपल्या मापाचं आहे ना, एवढं आधी विचारा. टॉवेल, कोरडे कपडे, प्यायचं पाणी हे सांगायला नकोच.

चष्मा लागत असेल तर त्याला दोरी बांधा. डोक्यामागून आवळता येणारी, शक्यतो फोमची, म्हणजे निसटला तरी चष्मा तरंगेल. गळ्यात लोंबणारी साखळी चालणार नाही. गेल्या खेपेला माझ्या सामानात बाकी सगळं होतं, तेवढी दोरी नव्हती. पाण्याचा फटका खालून बसतो, चष्मा कानांवरून सुटतो आणि थेट तळाला जातो. पुढची सगळी वाट मग अंदाजाने काढावी लागते, आणि खडपावर अंदाज चालत नाही. पांढरट, खरखरीत बार्नेकल (कातळाला घट्ट चिकटून राहणारे छोटे कवचवाले जीव) चिकटलेला दगड पायाला धरतो, त्याला लागून असलेला हिरवा, शेवाळलेला दगड धरत नाही. त्याच्याही वर, जिथे फक्त तुषार पोचतात, तिथला काळा पट्टा कोरडा असताना निरुपद्रवी वाटतो, पण ओला झाला की त्यावर पाय टिकत नाही. हा फरक डोळ्यांनीच कळतो. लांबून गाइड हाताने ‘थांब’ म्हणतोय की ‘ये’, तेही डोळ्यांनीच कळतं, कारण लाटांच्या आवाजात हाक ऐकू येत नाही.

‘मग लेन्स लावतो’ म्हणाल, तर नको. पाण्यात त्या वाहून जातात, आणि पाण्यातला अकँथामीबा हा सूक्ष्मजीव लेन्सखाली अडकला तर डोळ्यावर बेतू शकतं. दोरीच बांधा. घरी बांधून, मान खाली घालून जोरात हलवून पाहा. उडी उंचावरून असेल तर दोरीवरही विसंबू नका, चष्मा गाइडच्या पाणी न शिरणाऱ्या पिशवीत द्या. जुना का होईना, दुसरा चष्मा किनाऱ्यावरच्या सामानात ठेवाच, नाहीतर परतताना गाडी कोण चालवणार?

बूट जुने, नाडीचे, बोटं झाकणारे. वेटसूटचे मोजे घालायचे असतील तर ते चढवूनच बूट घालून पाहा. सँडल नको. वेटसूटवरून एक जुनी हाफ पँट चढवा. कातळावर बसून सरकताना वेटसूट बुडाशीच फाटतो. हातमोजे हवेत, बार्नेकल तळहात सोलून काढतात. अंगठी घरी ठेवा. दम्याचा पंप असेल तर तो गाइडकडे द्या आणि दिलाय हे त्याला तोंडाने सांगा.

भरती-ओहोटी बघणं गाइडचं काम, पण वेळ तुम्हालाही माहीत हवी. साधारण सहा तासांच्या भरतीत निम्मं पाणी मधल्या दोन तासांत चढतं आणि परतीची वाट बघता बघता बुडते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असतं, तेव्हा तर जास्तच. काल खोल असलेली जागा आज उथळ असू शकते, म्हणून गाइडने खोली तपासल्याशिवाय उडी नाही. डोक्यावर सूर तर कधीच नाही. उडी मारताना पाय जुळवा, हात छातीशी घ्या. पाणी गार असेल तर पहिली दोन-तीन मिनिटं श्वास आवरत नाही; तेव्हा पोहायची घाई करू नका, जॅकेटवर तरंगत राहा, श्वास बसला की निघा.

आधी हलकं खा. नखं कापा. सनस्क्रीन लावा. दमलात तर तोंडाने सांगा, मागच्याला कळत नाही. बाहेर आल्यावर आधी अंग पुसून कोरडे कपडे, फोटो मग. पिशवी बंद करण्याआधी दोरी चष्म्याला बांधली आहे ना ते बघा. पिशवीच्या कप्प्यात ठेवलेली दोरी धरायची नाही, चष्म्याला बांधलेलीच.