ऑनलाइन बॅकअप घेताना जीबी शेवटी विचारा

सांगलीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा शहरात शिरली. पाणी ओसरल्यावर गाळ भरलेल्या हार्ड डिस्क घेऊन लोक आले. काहींकडे बॅकअपही होता, पण तो त्याच कपाटात, खालच्या खणात! तेव्हापासून मी गिऱ्हाइकांच्या मागे लागतो, की एक प्रत गावाबाहेर, म्हणजे ऑनलाइन ठेवा.

गिऱ्हाईक विचारतं, "फुकट किती जीबी?" गूगलचे १५ आणि ॲपलचे ५. त्या १५ मध्ये जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो सगळंच मोजतात. पण हा प्रश्न शेवटचा.

आधी विचारा, घरच्या कॉम्प्युटरवरून फाइल उडवली तर तिथूनही उडते का? ड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स, वनड्राइव्ह यांचं मूळ काम सिंक करणं. इथं बदल केला की तिथंही होतो. रॅन्समवेअरनं, म्हणजे फाइलींना कुलूप घालून खंडणी मागणाऱ्या व्हायरसनं, फाइल नासवली तर नासकीच वर चढते. जुन्या प्रती मिळतात, पण मुदतीत. गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये फाइल ३० दिवस राहते. नातवानं मे महिन्यात उडवलेला बारशाचा फोल्डर गणपतीत आठवला तर काय करणार? म्हणून जुन्या प्रती किती दिवस ठेवतात ते पैसे भरण्याआधी वाचा. वर्षभर ठेवणारी सेवा असेल तर थोडे जास्त पैसे गेले तरी चालतील.

मग किल्लीचं बघा. 'तुमचा डेटा एन्क्रिप्टेड आहे', म्हणजे कुलूपबंद आहे, असं सगळेच सांगतात. किल्ली कोणाकडे, ते सांगत नाहीत. प्रोटॉन ड्राइव्ह आणि मेगा यांत ती तुमच्याकडेच असते. ॲपलच्या आयक्लाउडमध्ये फोटोंची किल्ली आपल्याकडे हवी, तर 'ॲडव्हान्स्ड डेटा प्रोटेक्शन' स्वतः चालू करावं लागतं. अशा ठिकाणी पासवर्ड आणि रिकव्हरी की (पासवर्ड विसरल्यावर लागणारा राखीव कोड) दोन्ही हरवले, तर कंपनीसुद्धा काही करू शकत नाही. हळदीकुंकवाच्या फोटोंना एवढा बंदोबस्त नको, असं माझं मत. आधार, पॅन, खरेदीखत यांना मात्र हवाच. गूगल सोडायचं नसेल तर कॉम्प्युटरवर क्रिप्टोमेटर टाका. फुकट आहे, आणि फाइल वर जाण्याआधीच तिला कुलूप लावतं.

टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारी सोय, लावाच, आणि जमलं तर तो कोड एसएमएसऐवजी फोनवरच कोड बनवणाऱ्या ऑथेंटिकेटर ॲपनं घ्या.

नेटवाला डाउनलोडचा वेग सांगतो, तुम्ही अपलोडचा विचारा. २० एमबीपीएसनं २०० जीबी चढवायला साधारण २२ तास लागतात, तेही लाइट न जाता.

वर्षाचे पैसे एकदम भरू नका. आधी महिनाभर घ्या, एक फोल्डर चढवा आणि दुसऱ्याच कॉम्प्युटरवर उतरवून बघा. फोटो उघडतात का? तारखा जागेवर आहेत का? हे कोणी करत नाही, आणि खरी परीक्षा तीच.

घरची हार्ड डिस्कही टाकून देऊ नका. क्रॅशप्लॅन या ऑनलाइन बॅकअपवाल्यांनी २०१७ मध्ये घरगुती सेवा बंद करत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा लोकांना दुसरीकडे बस्तान हलवावं लागलं. गूगलही दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं काढून टाकू शकतं. त्याच गूगलमध्ये 'इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' आहे. आपल्यामागे फाइल कोणाला मिळाव्यात, ते नाव तिथं आजच घाला. बँकेत वारस लावता तसंच.