डिझर्टेशनला सिस्टेमॅटिक रिव्ह्यू घेताय? आधी सर्चची वही करा

गाईड म्हणतात "डेटा गोळा करायला वेळ नाही ना, मग रिव्ह्यू कर", आणि आपल्याला वाटतं सुटलो बुवा, परळच्या ओपीडीत उभं राहून फॉर्म भरून घ्यायला नकोत. सुटलो वगैरे काही नसतं हं. सिस्टेमॅटिक रिव्ह्यू म्हणजे एका प्रश्नावर आधी झालेले सगळे अभ्यास ठरलेल्या पद्धतीने शोधून, निवडून एकत्र मांडणं.

आधी प्रश्न बारीक करा. "टीबी आणि मोबाईल" हा प्रश्नच नाही. पिकोत (PICO) बसवा, म्हणजे पेशंट कोण, त्यांना काय दिलं, तुलना कशाशी, मोजलं काय. उदा. टीबीचे मोठे पेशंट, मोबाईलवर आठवणीचे मेसेज, नुसती नेहमीची ट्रीटमेंट, आणि कोर्स पूर्ण झाला का. मग प्रोटोकॉल, म्हणजे रिव्ह्यू कसा करणार त्याचा आराखडा, लिहून प्रॉस्पेरोवर (रिव्ह्यूंची ऑनलाइन नोंदवही) टाका, फुकट आहे, पण डेटा एक्स्ट्रॅक्शन (पेपरांतून आकडे उतरवून घेणं) सुरू केल्यावर गेलात तर घेत नाहीत आणि स्कोपिंग रिव्ह्यू (विषयावर काय काय झालंय याचा नुसता आढावा) तर मुळातच घेत नाहीत.

आता सर्च, सगळी मेख इथेच आहे. प्रत्येक कल्पनेचे जेवढे शब्द सुचतील तेवढे ऑरने (OR) जोडायचे, मग ते गट एकमेकांना अँडने (AND). पबमेडमध्ये (वैद्यकीय पेपरांचा डेटाबेस) मेश टर्म, म्हणजे पेपरांना लावलेले ठरलेले विषय-शब्द, घ्याच पण टायटल-ॲबस्ट्रॅक्टमधले साधे शब्दही घ्या, कारण अगदी नव्या पेपरांना मेश लागायला वेळ जातो आणि नेमके तेच निसटतात. एकट्या पबमेडवर भागवू नका. गूगल स्कॉलर जोडीला ठीक, पण ते पहिल्या हजाराच्या पुढे काही दाखवतच नाही. भारतातले थिसिस शोधगंगावर बघा. आणि कॉलेजच्या लायब्रेरियनना भेटा, आपण जातच नाही त्यांच्याकडे!

आता माझा गाढवपणा ऐका. मी दादर ते ठाणे लोकलमध्ये मोबाईलवर सर्च मारला, फाईल उतरवली, तारीख लिहिली नाही, किती रिझल्ट आले तेही नाही. चार महिन्यांनी प्रिझ्माचा फ्लो डायग्राम (किती पेपर सापडले, किती गाळले, किती उरले याचा ठरलेला तक्ता) भरायला बसले तर पहिल्याच चौकोनात आकडा हवा, पुन्हा सर्च केला तर वेगळाच आला, कारण मधे नवीन पेपर आलेले. स्क्रीनिंग, म्हणजे एकेक पेपर बघून ठेवायचा की गाळायचा ते ठरवणं, परत पहिल्यापासून. म्हणून वही: डेटाबेस, तारीख, अख्खी स्ट्रिंग (सर्चमध्ये टाकलेली शब्दांची पूर्ण ओळ), आकडा. त्याच दिवशी.

डुप्लिकेट झोटेरोत (संदर्भ सांभाळायचं सॉफ्टवेअर) काढा. स्क्रीनिंगला दुसरा माणूस लागतोच, बॅचमेटला वडापाव खिलवून बसवा, रय्यानमध्ये (स्क्रीनिंगचं ऑनलाइन ॲप) ब्लाइंड चालू ठेवा म्हणजे एकमेकांचं बघून टिक होत नाही, आणि दोघांचं एकमत झालं नाही तिथे गाईड ठरवतील.

निवडलेल्या अभ्यासांची क्वालिटी तपासायला ठरलेल्या याद्या असतात: ट्रायल असतील तर रॉब २ (RoB 2), कोहॉर्ट किंवा केस कंट्रोल (नुसतं निरीक्षण केलेले अभ्यास) असतील तर न्यूकॅसल ओटावा. मेटा ॲनालिसिसचा (सगळ्या अभ्यासांचे आकडे एकत्र करून एक आकडा काढण्याचा) हट्ट नको, एकात गोळ्या मोजल्यात आणि दुसऱ्यात पेशंटला नुसतं विचारलंय तर ते एकत्र करून आकडा काढण्यात काय अर्थ, शब्दांत मांडा.

सबमिशनच्या आधी तोच सर्च परत चालवायचाय, तेव्हा वहीतली स्ट्रिंग जशीच्या तशी पेस्ट करा.