वायव्य शिक्षक मतदारसंघातून उभं राहायचं असेल तर

बेळगाव, विजापूर आणि बागलकोट हे तीन जिल्हे मिळून कर्नाटक वायव्य शिक्षक मतदारसंघ होतो. विधान परिषदेच्या ७५ जागांपैकी ७ शिक्षकांच्या, त्यातली ही एक. मागची निवडणूक जून २०२२ मध्ये झाली. मुदत सहा वर्षांची, म्हणजे पुढची २०२८ मध्ये. मराठी शाळा-कॉलेजातल्या कुणा शिक्षकाच्या मनात उभं राहायचं असेल, तर आधी एवढं पक्कं धरा: ही निवडणूक मतदार यादीत आणि दुसऱ्या पसंतीच्या मतांत ठरते. बॅनर, सभा, पाठिंब्याची पत्रकं हे सगळं त्यानंतर.

यादी दरवेळी कोरी

विधानसभेची यादी चालू राहते, शिक्षकांची राहत नाही. प्रत्येक निवडणुकीला ती नव्याने करतात. मागच्या खेपेला मतदान केलेल्या शिक्षकालाही पुन्हा नावनोंदणीचा फॉर्म १९ भरावा लागतो. "माझं नाव आहेच की" म्हणून स्वस्थ बसलेली मतं इथेच जातात.

पात्रतेची तारीख १ नोव्हेंबर. २०२८ साठी ती १ नोव्हेंबर २०२७ धरा. त्याआधीच्या सहा वर्षांत मिळून किमान तीन वर्षं शिकवलेलं हवं, तेही माध्यमिक किंवा त्यावरच्या संस्थेत. म्हणजे हायस्कूल, पीयू (अकरावी-बारावी), डिग्री, इंजिनिअरिंग चालतं, प्राथमिक चालत नाही. आपल्याकडे याचा फटका मोठा बसतो, कारण अनेक सरकारी मराठी शाळा सातवीपर्यंतच आहेत आणि तिथले शिक्षक या यादीत येत नाहीत. पार्टटाइम शिकवणंही धरत नाहीत.

सीमाभागात आणखी दोन अटी नीट तपासायला हव्यात. मतदार या तीन जिल्ह्यांत राहणारा हवा, आणि त्याने कर्नाटकातल्या संस्थेत शिकवलेलं हवं. महाराष्ट्रात शिनोळीला किंवा चंदगडला राहून बेळगावात शिकवणारे सर मतदार होत नाहीत. निपाणीत राहून महाराष्ट्रातल्या कागलला शिकवणाऱ्या मॅडमही होत नाहीत. असे फॉर्म भरून घेतले तर ते बाद होतातच, शिवाय सोबतच्या फॉर्मांकडेही संशयाने पाहिलं जातं.

उलट, हक्काची असून विसरली जाणारी मतं निवृत्तांची. १ नोव्हेंबर २०२१ पासून सलग शिकवून जे ३१ ऑक्टोबर २०२४ नंतर निवृत्त झाले, त्यांची तीन वर्षं भरतात. शाळेच्या हजेरीपटावर नसल्याने त्यांना कुणी विचारत नाही. संस्थेच्या ऑफिसातून गेल्या तीन वर्षांतल्या निवृत्तांची नावं काढा आणि त्यांच्या घरी जा.

फॉर्मची जाहीर सूचना १ ऑक्टोबरपर्यंत निघते आणि फॉर्म ७ नोव्हेंबरच्या आत पोचवायचा असतो. मधे दसरा-दिवाळी येते, शाळांना सुट्टी असते, मुख्याध्यापक गावाला गेलेले असतात. फॉर्मसोबत त्यांच्या सहीशिक्क्याचा सेवादाखला लागतो, म्हणून सप्टेंबरातच शाळाशाळांत जाऊन दाखल्याचे नमुने देऊन ठेवा. गठ्ठ्याने फॉर्म दुसऱ्या कुणाकडून घेत नाहीत; संस्थाप्रमुख मात्र आपल्या स्टाफचे एकत्र पाठवू शकतात. त्यामुळे मुख्याध्यापकांना आपलंसं करून घेणं हे पहिलं काम. कच्ची यादी लागली की दोन रात्री जागून ती शाळावार तपासा. आडनावाचं स्पेलिंग चुकलेलं आणि पत्ता दुसऱ्या तालुक्यात गेलेला, असे घोळ हमखास सापडतात. हरकतीची मुदत संपल्यावर आरडाओरडा करून उपयोग नसतो.

उमेदवारी अर्ज

उमेदवाराचं वय ३० पूर्ण हवं आणि कर्नाटकातल्या कुठल्याही विधानसभा यादीत नाव हवं. तो शिक्षक असलाच पाहिजे असं कायदा म्हणत नाही. म्हणूनच शिक्षकाला इथे मुरलेल्या राजकारण्याशीही लढावं लागतं. सरकारी नोकरीत असाल तर राजीनामा नुसता देऊन भागत नाही, छाननीआधी तो मंजूर झालेला हवा. अनुदानित संस्थेत असाल तर सेवानियम वाचून संस्थेची भूमिका लेखी घ्या.

अर्जावर मतदारसंघातले १० सूचक, म्हणजे तुमचं नाव सुचवून सही करणारे मतदार, लागतात. आम्ही १२ ते १४ सह्या घ्यायला सांगतो, कारण एखाद्याचा भाग क्रमांक किंवा अनुक्रमांक चुकला तर बाकीचे तारून नेतात. चार संचांपर्यंत अर्ज देता येतात आणि अनामत एकदाच भरायची: १०,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातींसाठी ५,०००. सोबत फॉर्म २६ चं प्रतिज्ञापत्र असतं. त्यातला एकही रकाना मोकळा सोडू नका. काही नसेल तिथे "नाही" किंवा "लागू नाही" लिहा. आंदोलनातल्या जुन्या केसेस चालू असतील तर त्याही लिहाव्याच लागतात. लपवलेली केस पुढे निवडणूक याचिकेत वर येते.

उमेदवाराने घ्यायची राज्यघटनेवरच्या निष्ठेची शपथ बऱ्याच जणांच्या ध्यानात राहत नाही. अर्ज दिल्यानंतर, छाननीच्या आदल्या दिवसापर्यंत ती घेतलीच पाहिजे. अर्ज दिल्याबरोबर तिथेच शपथ घ्या आणि दाखला मागून घ्या.

दुसरी पसंती

मतदान कागदी मतपत्रिकेवर होतं. तिच्यावर चिन्ह नसतं. नाव, पक्ष आणि फोटो असतो. मतदार नावांपुढे १, २, ३ असे पसंतीक्रम लिहितो. निम्म्याहून एक जास्त हा कोटा. कुणालाच तो मिळाला नाही तर सगळ्यात मागचा बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीप्रमाणे वाटल्या जातात.

हिशेबासाठी आकडे घेऊ. वैध मतं १२,०००, म्हणजे कोटा ६,००१. पहिल्या फेरीत अ ला ४,३००, ब ला ३,७००, तुम्हाला ३,००० आणि ड ला १,०००. ड बाद. त्याच्या मतांतली ८५० तुमच्याकडे, ९० ब कडे, ३० अ कडे आली, ३० वर पुढची पसंतीच नव्हती. आता तुम्ही ३,८५० आणि ब ३,७९०, म्हणून ब बाद. त्याची २,५०० तुमच्याकडे आली की ६,३५० झाली. तिसऱ्या नंबरवरून तुम्ही निवडून आलात.

नुसत्या मराठी मतांवर ही जागा येत नाही, हे मान्य करूनच उतरा. पण मराठी मतं एकगठ्ठा पहिली पसंती म्हणून पडली तर तुम्ही लवकर बाद होत नाही. मग गोकाक, अथणी, जमखंडी, इंडीतल्या कन्नड आणि उर्दू माध्यमाच्या शिक्षकांची दुसरी पसंती कामाला येते. ती मागताना संकोच नको: "पहिलं मत तुमच्या माणसाला द्या, दुसरं मला." त्यासाठी मुद्दे सगळ्यांचे हवेत. १ एप्रिल २००६ नंतर लागलेल्यांची पेन्शन, अनुदानित शाळांतल्या रिकाम्या जागा, विनाअनुदानितमधला पगार. पत्रक कन्नड, मराठी, उर्दूत काढा, आणि त्यावर मुद्रक-प्रकाशकाचं नाव छापायला विसरू नका, कायद्याने ते लागतं. दुसऱ्या उमेदवारावर चिखलफेक करू नका, त्याच्याच मतदाराकडे तुम्हाला हात पसरायचा आहे.

या निवडणुकीत खर्चाला मर्यादा नाही, त्यामुळे पैसा दिसतो. मतदाराला भेटवस्तू देणं मात्र लाचच ठरते, आणि शिक्षकाने शिक्षकाला ती देऊ नये असं आम्हाला मनापासून वाटतं.

मत बाद होतं ते असं

शिकलेल्या मतदारांचीही मतं इथे बाद होतात. १ हा आकडा नसेल, तो दोघांपुढे असेल, टिक मारली असेल, "एक" असं अक्षरात लिहिलं असेल किंवा सही केली असेल तर मत गेलं. केंद्रावर दिलेल्या जांभळ्या स्केचपेननेच लिहायचं, खिशातलं पेन काढायचं नाही. देवनागरी अंक नियमात बसतात. तरी मोजणाऱ्याला घाईत लिहिलेला "१" इंग्रजी नऊसारखा दिसू शकतो, म्हणून सरळ उभी रेघ ओढलेला इंग्रजी एक लिहायला सांगा. नमुना मतपत्रिका छापून स्टाफरूममध्ये दहा मिनिटं सराव करून घ्या, मधल्या सुट्टीत होतो.

मोजणीला गणिताचे शिक्षक एजंट म्हणून बसवा. प्रत्येक टेबलावर संशयित म्हणून बाजूला काढलेली मतपत्रिका बघा, बाद करण्याचं कारण विचारा, प्रत्येक फेरीची बेरीज वहीत उतरवा. रात्र होते, फेऱ्या वाढतात, लोक कंटाळून घरी जातात. आपल्या माणसांच्या दोन पाळ्या लावा. फेरमोजणी हवी असेल तर निकाल जाहीर होण्याआधीच, कारणासकट लेखी मागा.