मागच्या पडवीत वॉशिंग मशीन बसवताय? या चुका टाळा

अमळनेरच्या आमच्या घराची मागची पडवी म्हणजे गळका पत्रा, वाळवी लागलेले दोन खांब आणि पायाखाली हलणाऱ्या शहाबादी फरश्या. आईला तिथे धुण्याची खोली हवी होती. आम्ही आधी मशीन आणलं आणि पाणी जाणार कुठून, हा विचार नंतर केला. सगळ्यात महागात पडली ती हीच चूक.

पडवी आणि घराची भिंत यांच्या सांध्यात बोट जाईल एवढी फट होती. ती दोनदा सिमेंटने बुजवली, दोन्ही वेळा पावसाळ्यानंतर पुन्हा उघडली. दोष सिमेंटचा नव्हता. आपल्याकडची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पडवीचा पाया घराच्या पायापेक्षा उथळ असतो, त्यामुळे ती वेगळी हलते. त्यात आमच्या मोरीचा पाइप जमिनीखाली फुटलेला, पाणी सारखं मुरत होतं. म्हणून आधी पाइप बदला. मग फरशी उचकटून फूट-दीड फूट काळी माती काढा, मुरूम भरून नीट धुम्मस करा आणि वर चार इंच काँक्रीट टाका. सांध्यात सिमेंट नको, ताणलं जाणारं सीलंट भरा. खांब वाळवीने पोकळ झाले असतील तर रंग देऊन झाकू नका, बदलाच.

फरशीला सांडपाण्याच्या जाळीकडे ढाळ हवा, दहा फुटाला साधारण सव्वा ते दीड इंच. पण मशीन त्या ढाळावर उभं करायचं नाही. त्याच्यासाठी चार इंचांचा सपाट ओटा बांधा आणि पाणसळ लावून चारही पाय जुळवा. एवढं करूनही पिळताना मशीन सरकत असेल, तर फ्रंट लोडच्या पाठीमागे पाहा. वाहतुकीसाठी लावलेले बोल्ट तसेच राहिलेले असतात. ते काढल्याशिवाय मशीन चालवू नका, आतला भाग खिळखिळा होतो.

मशीन पाणी घेतच राहतं, पण भरत नाही? पंपाने पाणी बाहेर टाकणारं फुली ऑटोमॅटिक असेल तर बऱ्याचदा सांडपाण्याची नळी जमिनीवर पडलेली असते. घेतलेलं पाणी त्याच वाटेने निघून जातं. नळी साधारण दोन ते तीन फूट उंच अडकवा, नेमकी उंची पुस्तिकेत असते. पंप नसलेल्या मशीनचं, म्हणजे बहुतेक सेमी ऑटोमॅटिकचं, उलटं आहे, त्याची नळी खालीच हवी.

पाणी फारच हळू येत असेल तर टाकीची उंची मोजा. दहा मीटर उंचीला साधारण एक बार दाब मिळतो. टाकी दहा फुटांवर असेल तर जेमतेम ०.३ बार, आणि काही मशीनना याहून जास्त लागतो. टाकी उंच करा किंवा छोटा प्रेशर पंप लावा. त्याआधी पाणी आत घेणाऱ्या नळीच्या तोंडची जाळी काढून धुवा, टाकीतला गाळ तिथेच अडकतो. बोअरचं पाणी जड असेल तर मशीनमध्ये क्षार धरतात. त्यासाठीची पावडर ठरावीक अंतराने चालवावीच लागते.

विजेत काटकसर करू नका. पाणी तापवणाऱ्या मशीनला सोळा अँपिअरचा पॉइंट, वेगळी वायर आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) हवी. जमीन वाळली की अर्थिंग कमजोर होतं, म्हणून एप्रिल-मे महिन्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतत राहा.

पत्र्याखाली चारही बाजू बंद करू नका. वर फूटभर जाळी ठेवा, नाहीतर मे महिन्यात भट्टी आणि श्रावणात कुबट वास. उघड्या बाजूने पावसाची झड मशीनवर येऊ नये म्हणून पत्रा दोन फूट पुढे काढा.

परसातल्या केळीला धुण्याचं पाणी सोडावं, असं आईच्या मनात होतं. पावडरमधल्या सोडियममुळे काळी माती घट्ट होते, म्हणून ते टाळलं. आता शेवटच्या विसळणीचं पाणी ती उंच ड्रममध्ये धरते आणि त्यानेच पडवी धुऊन काढते.